भरवाऱ्याच्या काळ्या गाळातली वस्ती

लखनौच्या पूर्व टोकाला, गोमतीनगरच्या पलीकडे, भरवारा नावाचं ठिकाण आहे. शहराच्या गटारांचं आणि नाल्यांचं पाणी मोठ्या प्रमाणावर तिथे नेलं जातं. रोज 345 एमएलडी, म्हणजे साडेचौतीस कोटी लिटर मैलापाणी साफ करण्याची तिथल्या केंद्राची क्षमता आहे. गोमती नदीच्या स्वच्छतेसाठी आखलेल्या गोमती कृती योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ते उभं राहिलं, आणि त्याच्या प्रकारातल्या आशियातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांत त्याची गणना होते.

मैलापाण्याचं केंद्र म्हटलं की हवा फुंकणारे ब्लोअर आणि खदखदणारं तपकिरी पाणी डोळ्यांपुढे येतं. भरवाऱ्याच्या मुख्य टाक्यांत हवा सोडतच नाहीत. चार-पाच मीटर खोल टाकीच्या तळाशी मैलापाणी सोडतात. तिथे काळ्याकुट्ट गाळाचा जाड थर असतो. त्या गाळातून वाट काढत पाणी तासाला साधारण अर्धा मीटर इतक्या संथ चालीनं वर चढतं. आठ-दहा तासांनी ते वरच्या काठाला पोचतं तेव्हा त्यातली निम्म्याहून जास्त घाण नाहीशी झालेली असते आणि टाकीच्या माथ्याशी बहुतांशी मिथेन असलेला वायू जमलेला असतो. काडी लावली तर तो पेटतो.

ही घाण कोणीतरी खाल्लेली असते. खाणारे डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांची ओळख करून घेताना मला दर वेळी नव्यानं नवल वाटतं. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन नव्हता त्या काळापासून चालत आलेला हा वंश आहे. हवेत ऑक्सिजन वाढत गेला तसा तो दलदलीत, तळ्यांच्या तळाशी, गाईगुरांच्या पोटात जाऊन राहिला, आणि आता लखनौच्या मैल्यात नांदतो आहे. पूर्वी त्यांना जिवाणूच म्हणत. 1977 साली अमेरिकेत कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांच्या आरएनएची अक्षरं लावून पाहिली आणि मिथेन तयार करणारे हे जीव जिवाणू नाहीतच, असं जाहीर केलं. जिवाणूंपासून ते इतके दूरचे निघाले की त्यांच्यासाठी सजीवांचा वेगळा गट मानावा लागला. आज त्याला आर्किया म्हणतात. म्हणजे आपण संडासात पाणी ओततो तेव्हा ते शेवटी जीवसृष्टीच्या एका अख्ख्या वेगळ्या शाखेच्या ताब्यात जातं.

मात्र हे आर्किया मैला थेट खाऊ शकत नाहीत. त्यांचं खाणं अगदी मोजकं आहे: मुख्यतः ॲसिटेट, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचाच क्षार, नाहीतर हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. डाळ-भात, तेल, साबण, विष्ठा या सगळ्यापासून ॲसिटेटपर्यंत पोचायचं तर आधी दुसऱ्यांनी बरंच काम करून ठेवावं लागतं. एक गट पिष्ट, प्रथिनं आणि चरबी यांचे मोठे रेणू पाण्यात विरघळतील इतके बारीक तोडतो. दुसरा गट ते तुकडे आंबवून प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं बनवतो. तिसरा गट त्या आम्लांचं ॲसिटेट आणि हायड्रोजन करतो. मग आर्कियांची पाळी येते.

या साखळीतला तिसरा दुवा सर्वांत अद्भुत आहे. प्रोपिऑनेट मोडून त्यातून जगण्यापुरती ऊर्जा मिळवणं रसायनशास्त्राच्या हिशेबात बसत नाही, कारण नेहमीच्या परिस्थितीत ती क्रिया ऊर्जा देण्याऐवजी मागते. ती चालते एकाच अटीवर: तयार होणारा हायड्रोजन तिथल्या तिथे कोणीतरी उचलून न्यायला हवा. त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दहा हजाराव्या हिश्श्याच्याही खाली राहिला, तरच हा जीव जगतो. हायड्रोजन उचलणारा आर्किया त्याला अक्षरशः खेटून बसलेला असतो. एकाच्या उच्छिष्टावर दुसरा जगतो, आणि दुसऱ्यानं ते उच्छिष्ट संपवलं नाही तर पहिला मरतो. ही भागीदारी इतकी घट्ट आहे की अनेक वर्षं शास्त्रज्ञ अशा एका जोडीला एकच जीव समजत होते आणि त्याला एकच नावही दिलेलं होतं. 1967 साली मार्विन ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दोघं वेगळी करून दाखवली.

इतका खटाटोप करून त्यांना मिळतं तरी किती? ऑक्सिजन वापरणारा जिवाणू ॲसिटेटपासून जेवढी ऊर्जा काढतो, तिच्या सत्ताविसाव्या हिश्श्याच्या आसपास मिथेनवाल्यांच्या वाट्याला येते. बाकीची मिथेनमध्ये तशीच बंद राहते. म्हणून तर तो वायू जळतो. ऊर्जा कमी म्हणून वाढ कमी, आणि वाढ कमी म्हणून गाळही कमी. हवा फुंकणाऱ्या केंद्रात गाळाचे ढीग साचतात, त्यांची विल्हेवाट लावताना नगरपालिकांच्या नाकी नऊ येतात. बिनहवेच्या टाकीत तेवढीच घाण खाऊन गाळ काही पटींनी कमी तयार होतो. शिवाय ब्लोअरची वीज वाचते. साठच्या दशकानंतर पाणी शुद्धीकरणाचे अभियंते या चिवट, अर्धपोटी राहणाऱ्या जीवांकडे वळले ते यामुळेच.

पण अर्धपोटी राहणारे जीव सावकाश वाढतात, आणि खरा पेच इथे आहे. तो समजायचा तर गतीचं गणित पाहावं लागेल.

फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जाक मोनो नावाचा तरुण जीवशास्त्रज्ञ जिवाणूंच्या वाढीवर प्रबंध लिहीत होता. हा प्रबंध 1942 साली प्रसिद्ध झाला. मोनोंनी दाखवलेला नियम पंगतीत बसलेल्या कोणालाही पटेल. पानात वाढलेलं कमी असेल तर जेवण्याचा वेग वाढप्यावर ठरतो. पान भरलेलंच असेल तर तो आपल्या हातावर आणि घशावर ठरतो, आणखी वाढून उपयोग नाही. जिवाणूंचंही तसंच. अन्न वाढवत गेलं की वाढीचा वेग आधी भरभर चढतो, मग एका कमाल मर्यादेशी येऊन थबकतो. त्यामुळे प्रत्येक जातीचे दोन आकडे महत्त्वाचे ठरतात. एक म्हणजे तिचा कमाल वेग. दुसरा म्हणजे निम्म्या वेगासाठी तिला किती अन्न लागतं तो. हा दुसरा आकडा जितका लहान, तितका तो जीव तुटपुंज्या अन्नावर तगणारा.

हे दोन आकडे हाती आले की काळ्या गाळातली एक जुनी स्पर्धा उलगडते. ॲसिटेट खाऊन मिथेन करणारे मुख्य वंश दोन: मिथेनोसार्सिना आणि मिथेनोथ्रिक्स (याला मिथेनोसीटा असंही म्हणतात). मिथेनोसार्सिना दांडगा खाणारा आहे. अन्न भरपूर असेल तर दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होतो. मिथेनोथ्रिक्सला दुप्पट व्हायला चार-पाच दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. वेगावर पैज लावली तर तो हरणार. पण अन्न कमी होत गेलं की डाव उलटतो. ज्या पातळीला मिथेनोसार्सिनाला जगणं परवडत नाही, तिच्या साधारण दशांशाइतक्या ॲसिटेटवरही मिथेनोथ्रिक्स तग धरतो. घरगुती मैलापाणी काही साखर कारखान्याच्या किंवा डिस्टिलरीच्या सांडपाण्याइतकं दाट नसतं. त्यात ॲसिटेट पातळच. म्हणून शहरी मैल्याच्या टाकीत सहसा संथ वाढणाऱ्या मिथेनोथ्रिक्सची सरशी होते. आणि त्याच्यामुळेच पाणी स्वच्छ निघतं, कारण शेवटचे काही मिलिग्रॅम खाऊन टाकण्याची ताकद त्याच्यापाशी असते.

आता पेच बघा. पाणी टाकीत राहतं आठ-दहा तास. मिथेनोथ्रिक्सला दुप्पट व्हायला लागतात चार-पाच दिवस. साध्या टाकीत, जिथे पाण्याबरोबर त्यातले जीवही बाहेर जातात, तिथे तो आठवडाभरसुद्धा टिकणार नाही. जन्मतील त्याहून जास्त वाहून जातील. त्याला ठेवून घ्यायचं तर टाकी कित्येक दिवसांचं पाणी मावेल इतकी प्रचंड हवी, आणि लखनौसारख्या शहरात तेवढी जागा कोण देणार? पाणी लवकर सोडायचं आणि जीव मात्र आत ठेवायचे, ही एक गोष्ट जमली तर सगळं जमलं. मैलापाण्याच्या शुद्धीकरणाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास मला या एका वाक्यात बसलेला दिसतो.

त्यातली पहिली युक्ती मँचेस्टरमध्ये सापडली. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट बाटल्यांत मैलापाणी भरून त्यात हवा फुंकत होते. पाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट पुरतं होऊन ते साफ व्हायला पाचेक आठवडे लागायचे. मग त्यांनी वरचं निवळ पाणी ओतून दिलं, तळाचा गाळ ठेवला आणि त्यावर नवं मैलापाणी घातलं. असं पुन्हा पुन्हा केल्यावर तेच काम एका दिवसाच्या आत होऊ लागलं. 1914 साली त्यांनी हे जाहीर केलं. जगातली बहुतेक मोठी केंद्रं आजही त्या तत्त्वावर चालतात. त्यांना या वाटेला लावणारे गिल्बर्ट फाउलर 1916 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले.

दुसरी युक्ती जीवांनी स्वतःच करून दाखवली. सत्तरच्या दशकात नेदरलँड्समध्ये गात्झे लेटिंगा बीटसाखरेच्या कारखान्याचं सांडपाणी बिनहवेच्या टाकीत तळातून वर चढवत होते. त्यांना गाळात टणक, गोल दाणे दिसले. मिथेनोथ्रिक्सचे लांब तंतू एकमेकांत गुंतले होते, त्यांच्याभोवती आम्ल करणारे आणि हायड्रोजन उचलणारे जमले होते, आणि सगळी साखळी मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या एका दाण्यात वसली होती. दाणा जड, म्हणून पाणी वर चढलं तरी तो खालीच राहतो. या पद्धतीचं लांबलचक इंग्रजी नाव आखडून यूएएसबी झालं. ती थंड युरोपपेक्षा उष्ण देशांना जास्त मानवली. 1989 मध्ये लखनौपासून जवळच, कानपूरला जाजमऊमध्ये डच मदतीनं तिचा मैलापाण्यावर प्रयोग झाला, आणि पुढे उत्तर भारतात नद्यांच्या काठी अशी केंद्रं उभी राहिली. भरवारा हे त्या घराण्यातलं मोठं अपत्य. शहरी मैल्यात मात्र दाणे कारखान्याच्या पाण्याइतके टपोरे होत नाहीत. बराचसा गाळ जड पुंजक्यांच्या रूपात राहतो. पण खाली बसतो, आणि काम भागतं.

तिसरी युक्तीही लखनौतच पाहायला मिळते. दौलतगंजच्या केंद्रात टाकीत प्लॅस्टिकचे छोटे तुकडे तरंगत ठेवतात आणि हवा सोडतात. जिवाणू त्या तुकड्यांवर चिकटून थर धरतात. पाणी पुढे जातं, तुकडे जाळीपाशी अडतात.

टाकीच्या माथ्याशी जमणाऱ्या वायूवरून मुंबईची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माटुंग्याला 1890 साली निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रम सुरू झाला. त्यामागे पुढाकार होता मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांचा. त्या आश्रमातल्या मैल्याच्या टाक्यांवर 1897 च्या सुमारास वायू गोळा करण्याची सोय केली गेली आणि तो वायू वापरात आणला गेला. मैल्यातल्या मिथेनचा जगातला हा अगदी सुरुवातीचा वापर होता. ज्यांना समाजानं गावाबाहेर काढलं होतं, त्यांच्या वस्तीत हे घडलं.

परत भरवाऱ्याला येऊ. तिथल्या जीवांच्या दोन अडचणी आहेत. एक थंडीची. जानेवारीत लखनौचं किमान तापमान सात-आठ अंशांवर उतरतं. मैलापाणी हवेइतकं गार होत नाही हे खरं, पण तापमान दहा अंशांनी घसरलं की मिथेनवाल्यांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. आधीच संथ, त्यात आणखी संथ. त्या दिवसांत गाळातल्या जुन्या लोकसंख्येवरच भिस्त असते. नव्यानं वाढवू म्हटलं तर हातात वेळ नसतो. दुसरी अडचण सल्फेटची. पाण्यात सल्फेट असेल तर ते वापरणारे जिवाणू येतात, आणि हायड्रोजनच्या बाबतीत ते मिथेनवाल्यांपेक्षाही थोडक्यात भागवणारे असतात. म्हणजे मोनोंच्या त्याच नियमानं ते मिथेनवाल्यांच्या तोंडचा घास काढून घेतात आणि बदल्यात हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्यांचा वास येतो तो त्याचा.

आणि एक काम तर या वस्तीला जमतच नाही. मूत्रातून आलेला अमोनिया ऑक्सिजनशिवाय नायट्रेट होत नाही. तो यूएएसबीमधून जसाच्या तसा बाहेर पडतो, काही सेंद्रिय घाणही उरते, आणि रोगजंतूही पुष्कळ उरतात. हे पाणी ज्या नदीत जातं, त्या गोमतीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. ती पिलीभीत जिल्ह्यातल्या माधोटांड्याजवळच्या तळ्यातून निघते. तिला हिमालयाच्या बर्फाचं पाणी मिळत नाही. पावसाळा संपला की भूजलाच्या झऱ्यांवर तिची गुजराण असते. अशा नदीत उन्हाळ्यात विरळ करायला पाणीच कमी असतं. त्यामुळे केंद्रातून जे सुटतं, जवळजवळ तेच माशांच्या वाट्याला येतं. राष्ट्रीय हरित लवादानं 2019 साली मैलापाण्याचे निकष कडक केले. लिटरमागे बीओडी (सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) 10 मिलिग्रॅमपर्यंत आणि एकूण नायट्रोजनही 10 मिलिग्रॅमपर्यंत, ही अपेक्षा बिनहवेच्या टाकीला एकटीला पेलणारी नाही. पुढे ऑक्सिजनवाल्यांचा टप्पा हवाच.

त्या टप्प्यातही तोच जुना प्रश्न उभा राहतो. साधी घाण खाणारे ऑक्सिजनवाले जिवाणू दिवसातून कित्येकदा दुप्पट होतात. ते वाहून गेले तरी पुन्हा उगवतात. अमोनिया खाणारे मात्र त्यांच्यापेक्षा सात-आठ पटींनी संथ आहेत. त्यातही अमोनियाचं नायट्राइट एकानं करायचं आणि नायट्राइटचं नायट्रेट दुसऱ्यानं, अशी वाटणी आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विनोग्राड्स्की यांनी दाखवलं होतं. सव्वाशे वर्षं सगळ्यांनी ते शिकवलं. मग 2015 साली दोन्ही कामं एकट्यानं करणारा नायट्रोस्पिरा सापडला. पाठ्यपुस्तकं बदलावी लागली.

या संथ मंडळींना अडवून धरण्याची सर्वांत पक्की युक्ती म्हणजे मेम्ब्रेन, अतिबारीक छिद्रांचा पडदा. टाकीच्या अखेरीस गाळ खाली बसण्याची वाट पाहायची नाही. पोकळ धाग्यांचे जुडगे किंवा सपाट पडदे टाकीतच बुडवायचे आणि त्यांतून पाणी ओढून घ्यायचं. मेम्ब्रेनची छिद्रं 0.04 ते 0.4 मायक्रोमीटरची असतात आणि जिवाणू साधारण एक मायक्रोमीटरचा. पाणी जातं, जिवाणू एकही जात नाही म्हटलं तरी चालेल. सुरुवातीला मेम्ब्रेन टाकीबाहेर ठेवून जोरानं पाणी फिरवत, त्यात वीज फार जायची. 1989 मध्ये जपानमध्ये काझुओ यामामोटो यांनी ती टाकीतच बुडवली आणि ही पद्धत परवडण्याच्या आवाक्यात आली. नेहमीच्या टाकीत लिटरमागे तीन-चार ग्रॅम गाळ असतो, तिथे मेम्ब्रेनच्या टाकीत आठ-दहा ग्रॅम ठेवता येतो. म्हणजे तेवढ्याच जागेत दुप्पट-तिप्पट कामकरी. दिल्लीत 2010 च्या राष्ट्रकुल क्रीडाग्रामासाठी आणि बंगळूरच्या कब्बन पार्कात अशी केंद्रं उभी राहिली, कारण तिथे जागा थोडी आणि पाणी चांगलं हवं होतं.

इथेही जीव आपलं म्हणणं ऐकवतातच. जिवाणू आपल्याभोवती चिकट पदार्थ स्रवतात, तो मेम्ब्रेनवर थर धरतो आणि छिद्रं बुजतात. थर निघावा म्हणून खालून सतत हवेचे मोठे बुडबुडे सोडावे लागतात, आणि मेम्ब्रेनच्या केंद्राचं विजेचं बिल फुगतं ते बरंचसं यामुळे. थर धरण्याआधी जिवाणू रासायनिक खुणांनी एकमेकांना निरोप देतात. कोरियातल्या संशोधकांनी तो निरोपच खाऊन टाकणारे दुसरे जिवाणू मण्यांत भरून टाकीत सोडले, तेव्हा थर उशिरा धरू लागला.

गाळात किती प्रकारचे जीव असतील? 2019 साली 23 देशांतल्या 269 केंद्रांतले सुमारे बाराशे नमुने तपासून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं जगभरच्या अशा गाळात जिवाणूंचे अंदाजे एक अब्ज प्रकार असावेत, असं म्हटलं. त्यांपैकी जवळजवळ सगळीकडे आढळणारे निघाले फक्त 28. म्हणजे प्रत्येक शहराचा गाळ बहुतांशी त्याच्यापुरता वेगळा. लखनौचा लखनौचा, पुण्याचा पुण्याचा. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत गाळातल्या जिवाणूंच्या जनुकांवर वर्षानुवर्षं काम चालू आहे, आणि माझ्या मते ते फार मोलाचं आहे, कारण दुसऱ्या देशातल्या गाळाचे आकडे इथे जसेच्या तसे लागू होतील याची खात्री देता येत नाही.

मेम्ब्रेन आली म्हणून यूएएसबी मोडीत काढावी, असं काही ठिकाणी ऐकू येतं. ते मला चुकीचं वाटतं. निम्म्याहून जास्त घाण जवळपास विजेशिवाय संपवणारी, गाळ कमी करणारी आणि वर जळण देणारी वस्ती उष्ण प्रदेशात फुकटासारखी मिळालेली असताना तिला हाकलणं परवडणारं नाही. तिच्यामागे ऑक्सिजनवाल्यांचा चांगला टप्पा जोडावा, पाण्यात विरघळून निसटणारा मिथेनही पकडावा, आणि शहरातला एकही नाला थेट नदीत सुटू देऊ नये. जीव टाकीत तयार आहेत. घाण त्यांच्यापर्यंत पोचवणं हे माणसांचं काम आहे.

तुमच्या शहरातही मैलापाण्याचं केंद्र असेल. ते पाहायची परवानगी मिळते का, विचारा. मुलांना घेऊन जरूर जा. तिथल्या अभियंत्यांना एक प्रश्न विचारा: इथला गाळ किती दिवसांचा आहे? उत्तर एक-दोन दिवस असं आलं, तर अमोनिया तसाच नदीत जातो आहे असं समजा. पंधरा-वीस दिवस किंवा त्याहून जास्त असं आलं, तर सावकाश वाढणाऱ्यांना तिथे जागा मिळालेली आहे.